तेलात उतरलेला भंडारा

सोलापूर, १४ ऑक्टोबर १९३५

साडूभाऊ आप्पा, रामराम.

परवा अक्कलकोटात आमची मोटार गुरप्पाच्या आधी पोचली. या पहिल्या नंबराचा खरा खर्च असा: माझे वरचे दोन दात, मोटारीची पुढची काच, कुंभारीच्या एका म्हातारीची कोंबडी, गुरप्पाच्या क्लीनरचं गळ्याजवळचं हाड, आणि तुमच्या मेहुणीचं, मथुरेचं, माझ्याशी बोलणं, जे परवापासून बंद आहे. पेट्रोल मी धरत नाही. हरलो असतो तरी ते जळलंच असतं.

तुम्ही तिकडे संस्थानच्या मोटारखान्यात युवराजांच्या गाड्या पुसता, तुम्हाला आमच्या रस्त्याची कल्पना नाही. सर्व्हिस मोटारी दोन, रस्ता एक. जो आधी अक्कलकोट गाठेल त्याला परतीची माणसं. मागून येणाऱ्याला माश्या. गुरप्पा मैंदर्गीचा, भस्म लावून बसतो, बोलतो गोड. पण वळसंगच्या पुढं त्यानं मोटार रस्त्याच्या मधोमध धरली ती सोडायलाच तयार नाही. आमच्या ड्रायव्हर धुळाप्पानं दोन चाकं चारीत घातली आणि काढली पुढं. आत बायका किंचाळत होत्या. एका बाईनं नवस बोलून टाकला, तो आता मी फेडायचा म्हणते.

स्टँडावर गुरप्पा उतरला. म्हणाला, "जोतीराम मगर, रस्ता काय तुझ्या सासऱ्याचा हाय?"

मी म्हणालो, "सासऱ्याचा असता तर निम्मा आमच्या साडूला द्यावा लागला असता."

लोक हसले. तेवढ्यात त्याचा क्लीनर साखळी घेऊन आला. माझ्या हातात इंजिन फिरवायचं हँडल होतं. पुढचं वर सांगितलं आहे.

आता गुपित. आमच्या मोटारीत एवढी ताकद आली कुठून? गिरणीतल्या एका फिटरकडून मी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जाड झाकण, खालून घासून पातळ करून घेतलं. वर जागा कमी, म्हणजे आतला धूर जास्त दाबला जातो आणि पिस्टनला जास्त जोरात लाथ बसते. खंडेनवमीला नवं तांब्याचं गॅस्केट घातलं, हेड बसवलं आणि नट मी स्वतः आवळले. देवाला घालतो तशी उजवीकडून फेरी. पाच फेऱ्या, प्रत्येक नट जागच्या जागी गच्च. धुळाप्पानं नारळ फोडला. घोडी होती, तिची वाघीण झाली.

एकच खोड. पाणी फार पिते. खाली थेंब गळत नाही, पण रेडिएटर रिकामा. धुळाप्पा म्हणतो, "मालक, वरनं कुटंतरी फुसफुस येतीया." मी कान लावला, काही नाही. माझे कान तुम्हाला माहीत आहेत. पोती वाहत होतो तेव्हापासून कापसाच्या कोणत्या जिनाचं इंजिन आजारी आहे ते मी रस्त्यावरून सांगत आलो, त्यावरच तर इथवर पोचलो.

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर जोतीराम मगरानं गुरप्पाची धूळ खाल्ली असं सांगणारा माणूस अजून जन्मायचा आहे. घरी बजाबाईंना सांगा.

आपला,
जोतीराम


मोटारखाना, २० ऑक्टोबर १९३५

जोतीराम, आशीर्वाद.

तुझे दात गेले त्याचं बजाबाईला वाईट वाटलं. मला कोंबडीचं वाटलं.

मोटार पाणी पिते आणि खाली गळत नाही, तर ते पाणी जातं कुठं, हा प्रश्न तू मला विचारायला हवा होतास. वाघिणीला तहान लागते हे उत्तर नव्हे.

मी नुसत्या गाड्या पुसत नाही. युवराजांनी शर्यतीची एक विलायती गाडी आणली आहे. तिच्या इंजिनाला भाता जोडलेला आहे. लोहाराचा भाता निखाऱ्यावर वारा घालतो ना, तसा हा इंजिनाच्या पोटात हवा कोंबतो. ताकद दुप्पट होते. पण ती ताकद फक्त पिस्टनला ढकलत नाही, बाबा. ती हेडलाही वर ढकलते. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मध्ये असतं ते तुझं पातळ गॅस्केट. एका बाजूला आग, दुसऱ्या बाजूला पाणी, तिसऱ्या बाजूला तेल, आणि मध्ये भिंत ती तेवढीच. आमच्याकडे ती तीनदा फुटली. पहिल्यांदा मोटारखान्याच्या साहेबानं गॅस्केट करणाऱ्याला शिव्या दिल्या, दुसऱ्यांदा पेट्रोल विकणाऱ्याला. तिसऱ्यांदा आम्ही हेडावर सपाट पट्टी उभी धरली आणि पलीकडे दिवा ठेवला. पट्टीखालून उजेड आला. हेड वाकलं होतं.

तू भाता लावला नाहीस, पण हेड घासून काम तेच केलंस.

आणि तुझ्या त्या प्रदक्षिणा. नट असे आवळत नाहीत. एका टोकाकडून गच्च करत गेलास की दुसरं टोक उचलतं, ओल्या गोधडीचा एक कोपरा ओढल्यासारखं. मधल्या नटापासून सुरुवात कर. मग त्याच्या समोरचा, मग थोडा बाहेरचा, असं मधून कडेकडे. पहिल्यांदा हलकेच, मग थोडं, मग पुरतं. इंजिन गरम करून गार होऊ दे आणि पुन्हा आवळ. देवाभोवती फिर हवं तेवढं. इंजिनाला त्याचं काही नाही.

आता हे कर. सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढ आणि चालू कर. पाण्यात बुडबुडे आले तर धुळाप्पाचं खरं आहे, तुझ्या कानाचं नव्हे. प्लग काढून बघ. चारातला एखादा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तिथं पाणी जातंय. आणि तेल मोजायची काडी बघ. तेल पांढुरकं, ताकासारखं झालं तर त्याच दिवशी मोटार उभी कर. पैज लावू नकोस.

गरम इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतता का रे तुम्ही? ओतत असणारच.

आप्पा


सोलापूर, ६ नोव्हेंबर १९३५

आप्पा, रामराम.

तुमचं पत्र पोचलं. दिवाळीच्या गर्दीत मोटार उभी करायला मी काही युवराज नाही. बुडबुडे नंतर बघू.

आता झालंय ते निराळंच. सोमवारी नाक्यावर मोटार भरून उभी. धुळाप्पानं हँडल मारलं. इंजिन खोकलं, एक धक्का दिला आणि बसलं ते उठेना. माणसं उतरली आणि माझ्या डोळ्यांदेखत गुरप्पाच्या मोटारीत चढली. गुरप्पा मला हात करून गेला. हात असा केला, जसा मयताला करतात.

खालचं बूच काढून तेल सोडलं. आप्पा, तेल नव्हतं ते. ताक होतं. आणि ताकही पिवळं. हळदीसारखं पिवळं धमक. मी पोती उचलली आहेत, बंब पुसले आहेत, इंजिनं उघडली आहेत, पण पिवळं तेल जन्मात पाहिलं नाही. आमचा मुकादम म्हणाला, "ही करणी हाय." मी असल्या गोष्टी मानत नाही, पण पाणी आणि हळद आपल्या पायांनी चालत तेलात जात नाहीत. कुणीतरी घातली. इंजिनाला हात लावणारे दोनच. एक मी.

धुळाप्पा धनगर, बिरोबाचा. त्याची माणसं कशी पारखायची ते मला ठाऊक आहे. दोन सभ्य माणसं बसवली, भंडाऱ्याचं ताट पुढं ठेवलं. म्हणालो, "उचल भंडारा आणि सांग, इंजिनात तू काही घातलं नाहीस." देवाची हळद मुठीत घेऊन धनगर खोटं बोलत नाही, हे सोलापुरात पोरालाही माहीत आहे.

त्यानं हात पुढं केला. ताटापर्यंत नेला. आणि मागं घेतला.

मी विचारलं, "काय रं?"

म्हणाला, "घातलंय, मालक."

"काय घातलंस?"

"त्ये न्हाय सांगता येनार."

"गुरप्पानं किती दिले?"

यावर त्यानं ताटाला हात जोडले.

आठ वर्षं माझ्या ताटातली भाकरी खाल्ली, आप्पा. त्याच्या लग्नात अक्षता टाकल्या मी. मला गुरप्पाचा राग नाही, तो वैरीच आहे. शनिवारी मैंदर्गीचा हिशेब करीन, तिथं मोटार उभी असते ते गवताचं छप्पर आहे. धुळाप्पा सध्या माझ्याकडेच आहे, मागच्या शेडमध्ये. पाहुण्यासारखा ठेवला आहे. बोलेल.

जोतीराम


सोलापूर, गुरुवार

दाजींना मथुराचा नमस्कार.

आक्काला हे वाचून दाखवू नका, तिच्या पोटात कळ येती. मी चार यत्ता शिकले ती कामाला आली म्हनायची.

ह्यांनी तुमाला पत्र धाडलं त्यात काय लिवलं ते मला म्हाईत न्हाय, पण पाहुना म्हनून लिवलं असंल तर तसं न्हाय. धुळाप्पाला शेडात कोंडलाय. हातपाय बांधून न्हाय, हात लोखंडाच्या पकडीत हाय, त्या फिरवायच्या दांड्याच्या. डावा हात. काल ह्यांनी एक फेर दिला. आज सकाळी जेवून उठले आन् म्हनाले, बघून येतो. दाजी, जेवताना ह्ये हसत हुते. चटनी झ्याक झालीया म्हनाले. मला ते हसनं बघवंना.

तितं मायाक्का दाराला टेकून बसलीया, कालपासनं. आतनं तिचा नवरा वरडला की ती बाहीर भितीवर डोकं आपटती, आन् आत त्यो गप झाला की ती बी गप. मी तिला तांब्या दिला तर घेईना. मग मीच तिच्याजवळ बसले. तवा बोलली.

म्हनली, मथुराक्का, नवस सांगितला की फळत न्हाय, म्हनून त्यो सांगंना. पर माजा त्यो नवरा हाय, मी सांगते, बिरोबा मला काय करायचं ते करंल. गोष्ट अशी. ह्ये मोटार पळवाया लागल्यापासनं धुळाप्पाला भ्या वाटत हुतं, मालक कुटंतरी मरंल. तर त्यो दर आयतवारी बिरोबाचा मूठभर भंडारा पान्यात घालायचा. मोटारीच्या पुढच्या टाकीत, जितं पानी वत्तात तितं. मालकाला राख म्हनून.

आता तुमी सांगा, दाजी. टाकीत घातलेली हळद तेलात जाती का? मी ह्यांना सांगाया गेले तर म्हनाले, टाकी येगळी आन् तेल येगळं, बायकांनी इंजिनात डोकं घालू नये. तुमचं ऐकतील. तार करा. शनवारी ह्ये रॉकेल घिऊन मैंदर्गीला जानार हायती, मुकादमानं डबा आनून ठेवलाय.

मथुरा


तार, ९ नोव्हेंबर

हळद रेडिएटरातून गॅस्केटमधून तेलात. करणी नाही. माणूस सोड. हेड उघड. मैंदर्गीला जाऊ नको. आप्पा.


मोटारखाना, ९ नोव्हेंबर १९३५

जोतीराम,

तार इंग्रजीत गेली, पोस्टमास्तरनं "गॅस्केट" चार वेळा विचारलं. आता सविस्तर लिहितो. शिव्या तू मनानं वाच, मथुरेच्या हातात पत्र पडेल म्हणून लिहीत नाही.

टाकी वेगळी आणि तेल वेगळं हे बरोबर. मध्ये भिंत आहे. ती भिंत म्हणजे तुझं गॅस्केट. धुळाप्पानं हळद टाकली पाण्यात. निघाली तेलात. म्हणजे भिंत फुटली आहे. याहून सोपं मला सांगता येत नाही. गेल्या वर्षी आमच्या साहेबानं हेच शोधायला विलायतेहून निळा रंग मागवला होता. तो रेडिएटरात घालून दोन दिवस इंजिन चालवलं आणि तेल निळं होतंय का ते बघत बसला. तुझ्या धुळाप्पानं तीच परीक्षा देवाच्या हळदीनं केली, आणि उत्तर तू मोरीवर ओतून दिलंस.

पाणी तेलात गेलं, पिस्टनवर गेलं, म्हणून मोटार नाक्यावर बसली. पाण्याला दाबता येत नाही, ते तू पोती वाहताना शिकला नाहीस. हँडल मारताना धुळाप्पाचा हात तिथंच मोडायचा, वाचला.

आता दुसरं. त्याला तू विचारलंस, इंजिनात काही घातलं नाहीस असं भंडारा उचलून सांग. त्यानं घातलं होतं. मग कसा उचलील? "घातलंय" म्हणाला. तुझ्या शेडात तो देवापुढं खोटं न बोलल्याबद्दल कोंडला गेला आहे. गुरप्पाचे पैसे खाल्ले असते तर भंडारा उचलून, खाऊन, ढेकर देऊन घरी गेला असता. असले आपण दोघांनीही पुष्कळ पाहिलेत. रॉकेल घेऊन मैंदर्गीला गेलास तर तिथं छपरात माणसं झोपलेली असतात, हेही तुला माहीत आहे. माहीत नसल्यासारखं लिहितोस.

हेड उघड. मला वाटतं दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे जळालं असेल. मधला भाग सगळ्यात तापतो आणि तुझ्या प्रदक्षिणेत मधले नट सगळ्यात उशिरा आले. ज्यांवर नट बसतात ते ब्लॉकवरचे खिळे बघ, हेड वर उचलत राहिल्यानं ते ताणून बारीक झाले असतील, तसे असतील तर नवे घाल, जुने पुन्हा वापरू नकोस. हेड काचेसारख्या सपाट लोखंडावर घासून घे. ते पातळ केलं आहेस, आता जाड होणार नाही, तेव्हा दुहेरी गॅस्केट घाल म्हणजे आतला दाब कमी होईल. मोटार हळू पळेल. पळू दे. चढावर प्लगची ठिणगी थोडी उशिरा पडेल अशी ठेव. गरम इंजिनात गार पाणी ओतू नकोस, थोडं निवू दे आणि हळूहळू घाल.

आणि आधी, यातलं काहीही करायच्या आधी, तो दांडा उलटा फिरव.

आप्पा


सोलापूर, २१ नोव्हेंबर १९३५

आप्पा,

उजव्या हातानं लिहितोय. डावा गळ्यात अडकवला आहे.

तार आली तेव्हा मी बैलगाडीत बसलो होतो. डबा पायाशी होता. पोस्टमननं मराठी करून वाचून दाखवली. मुकादम म्हणाला, "आप्पांना हितली काय म्हायती, बसा." मी उतरलो. का उतरलो ते सांगता येत नाही. तारेत तुम्ही नाव लिहिलं नव्हतं, पण "माणूस" असं लिहिलं होतं.

गुरप्पाची मोटार त्या रात्री वाचली. धुळाप्पाचा हात त्याआधीच गेला होता. शुक्रवारी मी आणखी फेर दिले होते. त्यानं एकदाच म्हटलं, "मालक, येवढं बास." मी थांबलो नाही. तेव्हा मला वाटत होतं मी शांतपणे एक काम करतो आहे. नट आवळावा तसं.

दार उघडलं. मायाक्कानं मला बाजूला ढकललं आणि आत गेली. तिला पकड उघडता येईना, मी उघडली. त्याचा हात खाली पडला, माणसाचा वाटेना. त्याला शुद्ध होती. त्यानं पहिलं काय विचारलं माहीत आहे? "सापडलं का, कुटनं जातंय?"

मी म्हणालो, "दवाखान्यात चल."

"आदी हेड उघडा. मला बघायचंय."

मी त्याच्यासमोर हेड उघडलं. मायाक्का त्याला धरून बसली होती. हेड निघालं आणि गॅस्केट दिसलं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे तांबं काळं पडून तुटलं होतं, बोट जाईल एवढं. पाण्याच्या भोकापासून आतपर्यंत हळदीचा पिवळा ओघळ गेला होता, कुणी मुद्दाम काढून दाखवावा असा. खिळे ताणले होते. पट्टी धरली, पलीकडे कंदील धरला. उजेड आला.

धुळाप्पा त्या ओघळावर वाकला. म्हणाला, "ह्येच वाजत हुतं. तुमाला ऐकू न्हाय आलं." मग त्याची शुद्ध गेली.

सरकारी दवाखान्यात तीन बोटं काढली. तिसऱ्या दिवशी मायाक्काचे भाऊ काठ्या घेऊन आले, मंगळवेढ्याकडचे धनगर, धिप्पाड. मी दार लावलं नाही. मनाशी ठरवलं होतं हात उचलायचा नाही. एकदा उचलला, सवयीनं. म्हणून तो मोडला. मथुरा मधे पडली नाही. त्यांनी मोटारीच्या उरलेल्या काचाही फोडल्या, मग मायाक्कानंच त्यांना आवरलं. म्हणाली, "मोटारीला मारू नगा, तिच्यात द्येव हाय."

फौजदार दवाखान्यात गेला. धुळाप्पा त्याला म्हणाला, "हात माजा हाय. तक्रार न्हाय." मी बाहेर बाकावर होतो. फौजदार माझ्याकडं बघून हसला. मला त्या हसण्यात माझं हसणं ओळखू आलं.

मी त्याला मोटारीत निम्मी भागी देऊ केली. त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

जोतीराम


मोटारखाना, २७ नोव्हेंबर १९३५

जोतीराम,

पत्र बजाबाईनं वाचलं. लपवता आलं नाही. ती म्हणते संक्रांतीला मथुरेला पाठवा, तुम्ही येऊ नका.

भागी देऊ केलीस हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तीन बोटं घेऊन निम्मी मोटार म्हणजे भाव बरा काढला की.

तू त्याच्या पाया पडलास का? पत्रात ते कुठं दिसलं नाही. दोनदा वाचलं.

आप्पा


सोलापूर, २ फेब्रुवारी १९३६

आप्पा, रामराम.

पडलो. तुमचं पत्र आल्यावर गेलो, दवाखान्यात नाही, त्याच्या झोपडीत. तो चूल फुंकत होता. मी वाकलो तर पाय मागं घेतले, जसा तेव्हा ताटावरून हात घेतला होता. म्हणाला, "असं करू नगा, मालक. माज्या मनात काय हाय ते मला बी अजून ठावं न्हाय." मी उठून आलो. मायाक्कानं पाणीही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला प्यायला जमलं नसतं.

मोटार लागली रस्त्याला. दुहेरी गॅस्केट, नवे खिळे. नट मी मधून बाहेर आवळले, तीन हप्त्यांत, तुम्ही सांगितलं तसे. मग इंजिन चालवून गरम केलं, निवू दिलं, पुन्हा आवळले. शंभर मैलांनी पुन्हा. पाण्याचा थेंब कमी होत नाही. तेल तेलासारखं आहे. रोज सकाळी काडी काढून बघतो. चालवतो मी स्वतः. माझ्या मोटारीवर ड्रायव्हर यायला तयार नाही. मुकादमाला काढून टाकला, त्याचं म्हणणं मी बावळट झालो. चढाला ती खालच्या गियरशिवाय जात नाही. घोडी पुन्हा घोडी झाली. लोकांना कळलं आहे, वळसंगच्या बायका आता विचारतात, "पळवनार न्हाई न्हवं?" मी नाही म्हणतो आणि त्या बसतात.

गुरप्पानं धुळाप्पाला ड्रायव्हर ठेवला. मी समोर असताना ठेवला, नाक्यावर. मला म्हणाला, "मगर, तुझ्या माणसाला दोन बोटं उरली, मला तेवढी पुरतात." धुळाप्पा डाव्या हाताच्या त्या दोन बोटांत चाक धरतो, उजव्या हातानं गियर टाकतो, आणि पळवत नाही. कुणाला धक्का देत नाही. तरी त्याची वेळ चुकत नाही, कारण त्याचं इंजिन मधे कुठं थांबत नाही.

काल बाजाराचा दिवस. वळसंगपासून अक्कलकोटपर्यंत मी त्याच्या मागं होतो. पुढं जायला जागा होती, ताकद नव्हती. स्टँडावर पोचलो तेव्हा परतीची माणसं त्याच्या मोटारीत बसलेली होती, आणि मी उतरून तोंड धुतलं तर पाणी लाल झालं, इतकी गुरप्पाच्या मोटारीची धूळ तोंडावर बसली होती.

जोतीराम